बिझनेस आयडियाला खरंच किती किंमत असते? लाकडी घाण्याबाबत सल्ला हवा

बार्शीकर

नमस्कार मंडळी. बार्शीत लाकडी घाण्यावर शेंगदाणा आणि करडईचं तेल काढून, एक लिटरच्या बाटलीत भरून थेट घरोघरी विकायचा विचार आहे. हाताशी 4 लाख रुपये आहेत. गाळा 8,000 रुपये भाड्याने मिळतोय, थ्री फेज जोडणी आहे.

एक सल्लागार 'खात्रीची आयडिया' आणि प्रोजेक्ट रिपोर्ट असे मिळून 30,000 रुपये मागतात. सबसिडीची फाइलही तेच करून देणार. हे पैसे द्यावेत का?

दुसरं असं की, आयडिया बाहेर फुटली तर कुणीतरी आधीच सुरू करेल, या भीतीने अजून कुणाशी बोललेलो नाही. पेटंट किंवा कॉपीराइट घेता येतो का? आणि घाणे सुरुवातीला दोन घ्यावेत की एकच?

ताळेबंद

आयडियाला किंमत येते ती तिचा एका लिटरचा हिशोब मांडता येतो तेव्हा. तोवर 'लाकडी घाणा टाकायचा' हे वाक्य यूट्यूबवर फुकट मिळतं. सल्लागारही तेच वाक्य विकणार. म्हणून हिशोब मांडूया. दर मी धरलेले आहेत, तुम्ही बार्शीच्या आडतीवरचे आजचे घाला.

100 किलो सोललेले शेंगदाणे, 120 रुपयांनी 12,000. चांगल्या मालाचं घाण्यावर 40 किलोच्या आसपास तेल निघतं. एक लिटर तेल साधारण 910 ते 915 ग्रॅम भरतं, म्हणजे पावणेचव्वेचाळीस लिटरच्या आसपास, हिशोबाला साडेत्रेचाळीस धरू. पेंड 56 किलो, 38 रुपयांनी 2,128. बाकीचे चार किलो गाळ आणि ओलाव्यात जातात. 12,000 मधून पेंडीचे वजा केले की 9,872 उरतात, म्हणजे लिटरमागे कच्च्या मालाचेच 227 रुपये.

त्यावर बाटली, झाकण, लेबल, खोका 15. वीज 4. दिवसाला दोन माणसं 500 रुपयांनी, म्हणजे लिटरला 23. भाडं 7. घरपोच देणं, गळती, फुटलेली बाटली यासाठी 10. एकूण 286. विक्री 320 धरली तर लिटरला 34 रुपये राहतात. दिवसाला 100 किलो गाळप, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 1,100 लिटरहून थोडं जास्त. सगळं विकलं गेलं तर महिना 38,000.

आता हेच 34 रुपये किती नाजूक आहेत ते पाहा. किराणा दुकानात माल ठेवला आणि दुकानदाराने 11 टक्के कमिशन घेतलं की 35 रुपये गेले, म्हणजे नफा संपला. शेंगदाणा 120 चा 135 झाला आणि तुम्ही भाव वाढवला नाहीत, तर लिटरला 34 रुपये खर्च वाढला, पुन्हा शून्य. उतारा, म्हणजे 100 किलोमागे निघणारं तेल, 40 वरून 36 किलोवर आला तर कच्चा माल 227 चा 247 होतो. या तीनपैकी एक गोष्ट दरवर्षी होतेच. म्हणून तुमच्या आयडियाचा कणा 'घाणा' हा शब्द नसून 'थेट घरोघरी' हा आहे. मध्ये दुकान आलं की हा धंदा उभा राहत नाही.

आणि थेट घरोघरी म्हणजे किती घरं? चार माणसांच्या घरात महिना 4 लिटर धरलं तर 1,100 लिटरला सुमारे 280 घरं, दर महिन्याला न चुकता. हौसेने एकदा घेणारी 280 घरं बार्शीत नक्की मिळतील. प्रश्न दुसऱ्या महिन्याचा आहे. घरातलं रिफाइंड संपल्यावर ती बाई तुम्हाला फोन करते का, एवढ्यावर सगळं ठरतं.

30,000 देऊन हे उत्तर मिळणार नाही. ते 15,000 च्या आत मिळतं, तेही बहुतेक परत येणाऱ्या पैशांत. 100 किलो शेंगदाणे घ्या, जवळपासच्या चालू घाण्यावर गाळून घ्या (किलोला 15 रुपये धरा, पेंड आपल्याकडे), 43 बाटल्या भरा. नातेवाईक आणि मित्र वगळून तीस अनोळखी घरांत पूर्ण भावाने विका. फुकट नमुना देऊ नका. फुकट दिलेल्या तेलाला सगळेच छान म्हणतात. वहीत तारीख, घरातली माणसं आणि आधी कोणतं तेल वापरत होते ते लिहा. मग पाच आठवडे थांबा. आपण फोन न करता किती घरांनी पुन्हा मागवलं, तो आकडा मोजा. तीसपैकी दहा-बारा घरं स्वतःहून परत आली तर पुढे जा. तीन-चार आली तर आधी भाव, गिऱ्हाईक किंवा तेल यातलं काय चुकलं ते शोधा. यंत्र तोवर घेऊ नका.

एक की दोन घाणे, याचं उत्तरही त्या वहीतूनच निघेल.

लाट_उखळ

ताळेबंद यांनी उतारा 40 किलो धरलाय तो बरोबर आहे, पण तो आपोआप मिळत नाही. 'आयडिया तीच, मग माझाच धंदा का बसला' याचं उत्तर बहुतेक वेळा उखळाच्या तळाशी असतं.

शेंगदाण्यात ओलावा 6 टक्क्यांच्या आसपास हवा. जास्त ओला माल चिकट लगदा होतो आणि तेल सोडत नाही. फार कोरडा असेल तर नुसती भुकटी फिरत राहते. म्हणून गाळप चालू असताना हाताने थोडं पाणी शिंपडतात, 12-15 किलोच्या एका घाण्याला (म्हणजे एका वेळी उखळात घातलेल्या मालाला) दोन-अडीचशे मिली. नवीन माणूस इथेच चुकतो. उतारा वाढावा म्हणून अर्धा लिटर ओततो, पेंड सुरेख बांधली जाते, पण पाणी तेलात उतरतं. ते तेल गढूळ राहतं, तळताना फसफसतं आणि लवकर खवट होतं. गिऱ्हाईक परत येत नाही, आणि तुम्हाला वाटतं की बार्शीत मागणीच नाही.

3 एचपी मोटरच्या घाण्यावर एक घाणा उतरायला पाऊण ते एक तास लागतो. सकाळी लाकूड थंड असताना पहिला घाणा कमी उतरतो, म्हणून दिवसाचा उतारा एका घाण्यावरून मोजू नका, आठ घाण्यांची बेरीज घ्या. लाट, म्हणजे उखळात फिरणारा लाकडी दांडा, घासली की दाब कमी होतो आणि पेंडीत तेल राहतं. पेंडीचा तुकडा कागदात दाबून पाहा. कागदावर मोठा तेलकट डाग पडत असेल तर लाट आणि वजन तपासायची वेळ झाली. पेंड घेणारा गुराख्यासारखा हुशार माणूस दुसरा नाही, तो तुमच्या पेंडीचं फार कौतुक करायला लागला तर समजा तेल तिकडे चाललंय.

काढलेलं तेल त्याच दिवशी बाटलीत भरू नका. झाकणाच्या स्टीलच्या टाकीत तीन ते पाच दिवस निवळू द्या, वरचं तेल नळाने काढा, दाट कापडातून किंवा फिल्टर प्रेसमधून गाळा. टाकीचा नळ तळापासून चार बोटं वर असावा. हे पाच दिवस भांडवलात धरा: रोज 43 लिटर म्हणजे टाकीत कायम दोनशे लिटरच्या वर तेल अडकलेलं असणार.

बुरशी लागलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला दाणा हाताने निवडून फेकायचाच. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि घाण्याच्या तेलाला रिफायनरीसारखी पुढची प्रक्रिया नसते, त्यामुळे दाण्यातलं थोडंफार तेलात येतंच. स्वस्त मिळाला म्हणून फूट-तूट दाणा घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. लोक आपल्या लेकरांना हे तेल देतात.

करडईबद्दल सावकाश विचार करा. उतारा शेंगदाण्यापेक्षा पुष्कळ कमी, साधारण चार किलो बियाला एक किलो तेल. टरफल कडक असल्याने उखळाचं लाकूड लवकर झिजतं. बियात खडे आणि माती असते, चाळणी आणि पाखडणी चुकली तर लाट खराब. करडईचं तेल हवा-उजेडाने लवकर बिघडतं, म्हणून छोट्या बाटल्या, अंधारी खोली आणि थोडाच साठा. पण सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यातल्या जुन्या घरांना करडईच्या तेलाची चव माहीत आहे आणि ते चांगलं कुठे मिळत नाही ही त्यांची खरी तक्रार आहे. पहिली सहा महिने फक्त शेंगदाणा, करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन माल आल्यावर. एकाच घाण्यावर दोन्ही करणार असाल तर बी बदलल्यावरचं पहिलं तेल वेगळं काढा, ते बाटलीत जाऊ देऊ नका.

कलम_सत्तावीस

पेटंट-कॉपीराइटचं उत्तर स्पष्ट आहे: नाही.

पेटंट कायदा 1970 चं कलम 3(के) सांगतं की व्यवसायाची पद्धत हा शोध मानला जात नाही. 'घाण्याचं तेल घरपोच देणे' ही पद्धतच आहे. घाण्याच्या यंत्रात तुम्ही खरोखर नवा भाग बनवलात तर गोष्ट वेगळी. कॉपीराइट कल्पनेला नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात हे नेमकं सांगितलंय. तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट कुणी शब्दशः छापला तर दावा करता येईल, त्यातली कल्पना वापरून घाणा टाकला तर नाही.

मग राखता काय येतं? नाव. ट्रेडमार्कसाठी खाद्यतेल वर्ग 29 मध्ये येतं. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. फक्त नाव निवडताना 'शुद्ध लाकडी घाणा' किंवा 'अस्सल शेंगदाणा तेल' असलं काही घेऊ नका. मालाचं वर्णन करणारे शब्द सगळ्यांचे असतात, त्यावर आक्षेप येतोच. वर्णन बाटलीवर लिहा, नाव वेगळं ठेवा.

गोपनीयतेचा करार गिऱ्हाइकांची यादी, पुरवठादारांचे दर अशा माहितीसाठी कामगाराकडून जरूर करून घ्या. पण 'नोकरी सोडल्यावर तालुक्यात घाणा टाकायचा नाही' अशी अट घालाल तर ती टिकणार नाही. करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो.

थोडक्यात, गप्प राहून जे वाचतं त्यापेक्षा न विचारून जे हुकतं ते मोठं आहे. पेंड कुणाला विकायची, दाणा कोणत्या आडतीवर चांगला, दोनशे ऐंशी घरं कोणत्या वसाहतीत, ही माहिती लोकांशी बोलूनच मिळते.

ताळेबंद यांच्या चाचणीत एक दुरुस्ती. त्या 43 बाटल्या विकायच्या आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. छोट्या उद्योगाला वर्षाला 100 रुपये लागतात, ऑनलाइन होते. चाचणी म्हणून सूट नाही. खाद्यतेल सुटं विकण्यावर बंदी आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कॅनमध्ये ओतून देणं हा मार्ग घेऊ नका. लेबलवर नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावं, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा फोन, शाकाहारी चिन्ह आणि लिटरच्या शेजारी वजनही. गाळप दुसऱ्याच्या घाण्यावर करून घेतलं असेल तर तेल कुणी काढलं आणि कुणासाठी, दोन्ही लिहायचं. 'हृदयविकार बरा होतो', 'गुडघेदुखी थांबते' असं काहीही छापू नका. बहुतेक नवे घाणेवाले सर्वात आधी इथे अडकतात.

बार्शीकर

मनापासून आभार. 280 घरं हा आकडा डोक्यातच नव्हता. एक शंका: सल्लागार म्हणतात की 35 टक्के सबसिडी मिळते, मग नफा कमी असला तरी चालून जातं. आणि उलाढाल वाढली तर जीएसटीचं काय?

ताळेबंद

35 टक्के कुणाला, ते त्यांना विचारा. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) 35 टक्के हा दर ग्रामीण भागातल्या विशेष प्रवर्गासाठी आहे, म्हणजे महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग वगैरे. ग्रामीण सर्वसाधारण 25 टक्के. शहरी हद्दीत विशेष प्रवर्गाला 25 आणि सर्वसाधारणला 15. बार्शी शहरातला गाळा आणि पाच-सात किलोमीटरवरच्या गावातला गाळा यात 10 टक्क्यांचा फरक पडतो. गावात भाडंही कमी असेल.

ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जासमोर तीन वर्षं ठेव म्हणून राहते, उद्योग चालू असल्याची तपासणी झाली की कर्जात वळती होते. तोवर उद्योग बंद पडला तर ती हातची जाते. म्हणून सबसिडी कमजोर हिशोबाला आधार देत नाही. 4 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता सुमारे 8,700 येतो. वरच्या 38,000 मधून तो वजा करा, आणि निम्मीच बाटली विकली गेली असं धरून पुन्हा एकदा वजा करा. भाडं आणि माणसांचा पगार निम्मा होत नाही, त्यामुळे निम्म्या विक्रीला नफा निम्मा न राहता जवळजवळ नाहीसाच होतो. हप्ता खिशातून जाईल.

क्रम सांभाळा. योजना नव्या उद्योगासाठी आहे. स्वतःच्या पैशाने यंत्र बसवून गाळप सुरू केलं आणि मग अर्ज टाकला तर चालू उद्योग म्हणून नाकारला जाईल. म्हणजे दुसऱ्याच्या घाण्यावर चाचणी, मग अर्ज, मंजुरी, आणि त्यानंतर यंत्र. अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने कुठलाही दलाल नेमलेला नाही, नमुना प्रकल्प अहवालही त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतात. सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात एक दिवस घालवा. उद्यम नोंदणीही मोफतच.

जीएसटी: 320 रुपयांनी 1,100 लिटर म्हणजे वर्षाला 42 लाखांच्या वर, शिवाय पेंड. महाराष्ट्रात वस्तूंसाठी 40 लाखांची मर्यादा ओलांडली की नोंदणी लागते. खाद्यतेलावर 5 टक्के, म्हणजे 320 च्या बाटलीतून सुमारे 15 रुपये. 34 चा नफा 19 वर येतो, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल तेवढाच दिलासा. कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर) उत्पादकाला 1 टक्का पडतो, पण मग राज्याबाहेर विकता येत नाही. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला अडचण नाही, हैदराबादला पाठवायचं असेल तर आधी विचार करा.

शेतावरून

वरचं सगळं मान्य आहे, पण 'आयडियाला किंमत नाही' हा सूर पूर्ण पटत नाही. त्याच यंत्रावर वेगळी आयडिया बसवली की हिशोबच बदलतो.

शेंगदाण्याचे दाणे स्वतः विकत घेतले तर महिन्याला 2,600 किलो, म्हणजे 3 लाख 12 हजार रुपये मालात. 4 लाखांत यंत्र आणि हा माल दोन्ही बसतच नाहीत. त्याऐवजी शेतकऱ्याचा माल त्यालाच गाळून द्या. 100 किलो गाळपाचे 15 रुपयांनी 1,500. एक माणूस 500, वीज 180, भाडं दिवसाला 310. दिवसाला पाचशे रुपये राहतात, महिन्याला 13,000. रक्कम लहान आहे, पण मालात एक रुपयाही अडकत नाही आणि भाव पडला-चढला तरी झळ बसत नाही. बाटली, लेबल, 280 घरं यांची काळजी नाही. काही ठिकाणी गाळपाचे पैसे न घेता पेंड ठेवून घेतात. वरच्या दराने ती 2,128 होते, म्हणजे 1,500 पेक्षा जास्त. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत तो पेंड सोडणार नाही, ज्याच्याकडे नाहीत तो आनंदाने सोडेल. दोन्ही दर पाटीवर लिहून ठेवा.

याची अडचण हंगामाची. खरिपाची शेंग ऑक्टोबर-नोव्हेंबरला, उन्हाळी शेंग मे-जूनला, करडई फेब्रुवारी-मार्चला. त्या वेळी रांग लागते आणि ऐन पावसाळ्यात घाणा रिकामा. रिकाम्या दिवसांत स्वतःचं तेल काढून बाटल्या भरायच्या, तेही तुमच्या वहीत जेवढी घरं परत आलीत तेवढ्यापुरतंच. शिवाय गाळपाला येणारा शेतकरी स्वतः दाणा घेऊन येतो. कुणाचा माल निवडक आहे ते उखळात दिसतं, पुढच्या वर्षी त्याच्याकडूनच थेट खरेदी करा, आडत आणि हमाली वाचते.

पापड लाटायची आयडिया 1959 मध्ये गिरगावातल्या सात बायकांच्या आधीही घराघरांत होतीच. लिज्जतने पीठ एका जागी मळून, घरी लाटायला देऊन, परत आलेला पापड तपासून घ्यायची जी घडी बसवली, ती नवी होती. तुमच्या बाबतीत घाणा सगळ्यांना माहीत आहे. गाळपाचं काम आणि बाटलीची विक्री एकाच गाळ्यात हंगामाप्रमाणे आलटून-पालटून बसवणं, हा भाग तुमचा.

घाणा एकच घ्या, साधारण दीड ते अडीच लाखांत येतो. घेताना लाट आणि उखळाची एक जादा जोडी कितीला आणि किती दिवसांत मिळेल ते लेखी घ्या. नोव्हेंबरात लाट तडकली आणि नवीन यायला तीन आठवडे लागले, तर वर्षाचा अर्धा हंगाम गेला.

बार्शीकर

ठरलं. सल्लागारांना नाही कळवतो. एफएसएसएआयची नोंदणी झाली की 100 किलोची चाचणी, पाच आठवड्यांनी वहीतले आकडे इथेच टाकतो. तोवर एक विचारायचं आहे: चाचणीसाठी दाणा सोलापूरच्या मार्केट यार्डातून घ्यावा की थेट गावातून?

लाट_उखळ

चाचणीला गावातून, एकाच शेतकऱ्याचा, एकाच वाणाचा. मिसळलेला माल घेतला आणि उतारा 36 आला तर दोष दाण्याचा की घाण्याचा, ते कळणार नाही. एक मूठ दाणे घेऊन दातांनी फोडून पाहा. टचकन तुटला तर कोरडा, चामट लागला तर दोन दिवस ऊन द्या आणि मगच वजन करा. गाळपाच्या वेळी स्वतः उभे राहा. दाणा, तेल, पेंड तिन्हींचं वजन एकाच काट्यावर घ्या. तेल आणि पेंडीची बेरीज 96 किलोच्या खाली आली तर काटा किंवा माणूस, दोहोंपैकी एक तपासा.